सात मिनिटं उशिरा: निओ, दूरदर्शन आणि २००७ चं फीड प्रकरण

२१ जानेवारी २००७, रविवार. नागपूरला सिव्हिल लाइन्सच्या जुन्या व्हीसीए ग्राउंडवर भारत-वेस्ट इंडीज वनडे होती. गांगुली सव्वा वर्षाहून जास्त काळाने वनडेत परत आलेला, ९८ वर रनआउट झाला, आपण ३ बाद ३३८ केल्या आणि मग चंदरपॉल एका टोकाला असा चिकटला की नाबाद १४९ करून तो मॅच जवळजवळ घेऊनच गेला होता, शेवटी १४ रन्सनी जिंकलो. दूरदर्शनवर यातलं काहीही लाइव्ह दिसलं नाही. म्हणजे स्टेडियमपासून तासाभराच्या अंतरावर एखाद्या गावात घरावर अँटेना लावून बसलेल्या माणसाला भारताची, भारतात, तेही त्याच्याच जिल्ह्यात चाललेली मॅच बघता आली नाही, कारण ती निओ स्पोर्ट्स नावाच्या एका नव्या पे चॅनलवर होती आणि ते चॅनल त्याच्याकडे येतच नव्हतं.

आता "मॅच फक्त अमुक अॅपवर आहे" ऐकलं की आपण एक शिवी हासडून रिचार्ज करतो आणि विषय संपतो. तेव्हा मात्र या एका मॅचवरून हायकोर्ट, मंत्रिमंडळ, वटहुकूम, संसद सगळं फिरून झालं, आणि त्यातून जो कायदा निघाला तो आजही लागू आहे. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे, आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, यात प्रेक्षकांच्या हक्काच्या नावाने जी मारामारी झाली ती बरीचशी जाहिरातीच्या पैशांची होती, तरी चुकून का होईना प्रेक्षकाच्या हाताला काहीतरी लागलं.

मागची गोष्ट थोडी सांगायला लागेल. १९९३ च्या हिरो कपच्या वेळी दूरदर्शन आणि बंगालची क्रिकेट असोसिएशन यांच्यात प्रक्षेपणावरून जुंपली होती, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल आला की हवेतल्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. बेंचवर न्या. पी. बी. सावंत होते, मुख्य निकालपत्र त्यांचंच. गंमत अशी की पुढची दहा-बारा वर्षं दोन्ही बाजू हाच निकाल हातात घेऊन भांडत राहिल्या. खाजगी चॅनलवाले म्हणायचे बघा मक्तेदारी नाही म्हणालंय कोर्ट, आणि सरकार म्हणायचं बघा सार्वजनिक मालमत्ता म्हणालंय कोर्ट. दोघंही खरंच बोलत होते.

मग २००४ चा पाकिस्तान दौरा. राइट्स टेन स्पोर्ट्स या खाजगी चॅनलकडे, देशभर बोंबाबोंब, आणि सुप्रीम कोर्टाने टेनला फीड, म्हणजे मैदानावरून येणारं मॅचचं थेट चित्र, दूरदर्शनला द्यायला लावलं. पण कसं? टेनच्या लोगोसकट, टेनच्या जाहिरातींसकट, आणि वर दूरदर्शनने ५० कोटी जमा करायचे. म्हणजे लोकांना मॅच दिसली, टेनचं नुकसान आटोक्यात राहिलं, दूरदर्शनला मात्र जाहिरातीतून काही मिळालं नाही. हे दूरदर्शनच्या जिव्हारी लागलं असणार असं माझं अनुमान, कारण पुढे नियमांत "जाहिरातींशिवाय फीड" हा मुद्दा ठळकपणे आला. ११ नोव्हेंबर २००५ ला माहिती-प्रसारण खात्याने डाउनलिंकिंगच्या, म्हणजे सॅटेलाइटवरून चॅनल भारतात उतरवून दाखवण्याच्या, गाइडलाइन्स काढल्या आणि त्यात घातलं की राष्ट्रीय महत्त्वाच्या क्रीडा स्पर्धांचं फीड प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेला, द्यावंच लागेल. तारीख लक्षात ठेवा, ती परत येणार आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये क्रिकेट बोर्डाने भारतातल्या मॅचेसचे चार वर्षांचे राइट्स निंबस कम्युनिकेशन्सला विकले, ६१ कोटी २० लाख डॉलरच्या आसपास, तेव्हाच्या भावाने पावणेतीन हजार कोटींच्या घरात. निंबस मुंबईची कंपनी, हरीश थवानींची. मुळात यांचा धंदा कार्यक्रम बनवण्याचा आणि राइट्सच्या खरेदी-विक्रीचा, चॅनल नव्हतं. एवढे पैसे मोजल्यावर वसूल कसे करणार? दुसऱ्याच्या चॅनलला विकून मधला मार्जिन खाण्यापेक्षा स्वतःचं चॅनल काढावं म्हणजे जाहिरात पण आपली आणि महिन्याचं सबस्क्रिप्शन पण आपलं, हा सरळ हिशोब, आणि त्यातून निओ स्पोर्ट्स आलं.

इथे जरा थांबायला पाहिजे, कारण सगळी गोम इथेच आहे आणि तेव्हाच्या बातम्यांत हा भाग फारसा यायचा नाही. चॅनल काढणं सोपं, घरात पोचवणं अवघड. २००७ मध्ये बहुतेक ठिकाणी केबल म्हणजे गल्लीतला केबलवाला, खांबावरून खांबावर टाकलेली वायर, ॲनालॉग सिग्नल, महिन्याला दारात येऊन वसुली. सेट टॉप बॉक्स नाही, त्यामुळे कुठल्या घरात काय दिसतं हे चॅनल कंपनीला कळायला काही मार्गच नाही. केबलवाला सांगेल तो आकडा. समजा पाचशे घरांत वायर गेली असेल तर कागदावर शंभर-सव्वाशे दाखवायची आणि तेवढ्याचेच पैसे वर भरायचे, हे उघड गुपित होतं. अशा धंद्यात एक नवीन पे चॅनल येऊन म्हणतं की आमचे वेगळे पैसे द्या, तर केबलवाला काय म्हणणार? "बघू". कारण तो ग्राहकाकडून जास्तीचे पैसे मागू शकत नाही, ग्राहक म्हणतो मॅच दाखव नाहीतर शेजारच्या केबलवाल्याकडे जातो, आणि शेजारचाही तेच म्हणतोय. जुन्या स्पोर्ट्स चॅनल्सनी आपापल्या ग्रुपच्या बाकी चॅनल्ससोबत पुडका बांधून जम बसवला होता, हे घ्यायचं तर ते पण घे. निओकडे मागे उभं राहायला असलं कुठलं मोठं कुटुंब नव्हतं, फक्त क्रिकेट, आणि तेही वर्षातले काही महिने.

त्यातच १ जानेवारी २००७ पासून, म्हणजे नागपूरच्या मॅचच्या तीन आठवडे आधी, मुंबई-दिल्ली-कोलकात्याच्या काही भागांत कॅस लागू झालेलं. कॅस म्हणजे पे चॅनल बघायचं तर सेट टॉप बॉक्स घ्या आणि पाहिजे ते चॅनल निवडा. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, पे चॅनलला महिन्याला जास्तीत जास्त ५ रुपये असा दर बांधून दिला होता, आणि किमान ३० फुकट चॅनल्सचे ७७ रुपये. ग्राहकाच्या दृष्टीने छानच, पण पावणेतीन हजार कोटी घालून बसलेल्या माणसाला पाच रुपयाचा हिशोब करून बघा म्हणावं. आणि डीटीएच, म्हणजे छत्री लावून सॅटेलाइटवरून थेट घरात येणारी सेवा, तर तेव्हा बाळसंच धरत होतं, टाटा स्कायला सुरू होऊन जेमतेम सहा महिने झाले होते.

म्हणजे थोडक्यात ज्या चॅनलकडे देशातलं सगळ्यात महाग क्रिकेट होतं त्याचाच रस्ता अर्धवट बांधलेला होता. आणि ज्यांच्याकडे केबलही नाही अशी कोट्यवधी घरं तर या हिशोबात कुठेच नव्हती, त्यांना निओ विकत घ्यायचं म्हटलं तरी घेता आलं नसतं.

आता दूरदर्शनची बाजू. निंबसचं म्हणणं साधारण असं होतं की गावोगावच्या अँटेनावाल्यांना दाखवायला आमची ना नाही, पण तुमच्या डीडी डायरेक्ट प्लसवर नको. डायरेक्ट प्लस म्हणजे आताची फ्री डिश, डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली, एकदा छत्री आणि डबा घ्या, महिन्याचं भाडं शून्य. त्याचा सिग्नल एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे कुलूप लावलेला नव्हता. सॅटेलाइटला देशाच्या सीमा कळत नाहीत, शेजारच्या देशांत कोणीही छत्री फिरवली की फुकट मॅच, आणि त्या देशांतले राइट्स निंबसने वेगळे विकायचे. म्हणून त्यांनी धरून ठेवलं की आधी एन्क्रिप्ट करा. मला विचाराल तर ही तक्रार रास्त होती. दूरदर्शनला त्यात हात घालायचा नव्हता, कारण फुकट आणि उघडा सिग्नल हाच तर त्या सेवेचा सगळा जीव. दुसरा वाद जाहिरातींचा. फीड कोणाच्या जाहिरातींसह जाणार, विकणार कोण, वाटा कसा. निंबस म्हणे गाइडलाइन म्हणजे कायदा नव्हे, खात्याने एक कागद काढला म्हणून आम्ही विकत घेतलेली वस्तू फुकट का वाटायची. कायद्याच्या अंगाने हाही मुद्दा कच्चा नव्हता, हे पुढे सरकारने जे केलं त्यावरूनच दिसतं.

तर नागपूरची मॅच या घोळात गेली. दिल्ली हायकोर्टात प्रकरण होतंच, २४ तारखेला कटकची मॅच होती, आणि कोर्टाने मधला मार्ग काढला: उरलेल्या मॅचेस दूरदर्शनने दाखवाव्यात पण सात मिनिटं उशिराने.

या सात मिनिटांचा विचार करा जरा. कागदावर एकदम शहाणपणाचं वाटतं. ज्याला अगदी ताजं पाहिजे तो पैसे भरून निओ बघेल, ज्याच्याकडे पैसे किंवा सोय नाही तो सात मिनिटं मागे राहील, मॅच तर दोघांना दिसेल, जाहिरातदार पण निओ सोडून जाणार नाही. पण क्रिकेट ज्याने चारचौघांत बघितलंय त्याला कळेल की सात मिनिटं म्हणजे जवळपास दोन ओव्हर्स. तोवर ज्याच्या घरात निओ आहे त्याच्याकडून आरडाओरडा झालेला असतो, कोणीतरी फोन करून सांगितलेलं असतं, मित्राचा एसएमएस येऊन पडलेला असतो आणि तुमच्या स्क्रीनवर बॉलर अजून रनअपला निघालाय. कटकची मॅच तर अशी होती की आपण १८९ वर ऑलआउट आणि मग त्यांना १६९ वर उखडलं, प्रत्येक विकेटला श्वास अडकणारी मॅच, ती शिळी करून बघायची? ३१ तारखेला बडोद्याला सचिनने नाबाद १०० केल्या. नव्वदीत असताना सचिनला सात मिनिटं मागून बघायचं आणि पलीकडच्या बिल्डिंगमधून फटाका वाजला की समजायचं झाली सेंच्युरी. बातमी आधी आणि चित्र नंतर, हा काय न्याय झाला! पण एक मात्र आहे, या आदेशाने पहिल्यांदा कोणीतरी उघड कबूल केलं की विकायची वस्तू क्रिकेट नसून "आत्ता" आहे. आजचा सगळा स्ट्रीमिंगचा धंदा त्याच्यावरच चाललाय.

सरकारला हे सात मिनिटांचं प्रकरण पटलं नाही आणि पटण्यासारखं राजकीयदृष्ट्याही नव्हतं. माहिती-प्रसारण मंत्री होते प्रियरंजन दासमुन्शी, आणि ते स्वतः भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष, वर्षानुवर्षं. क्रिकेट बोर्डाचे अध्यक्ष होते शरद पवार, आणि ते त्याच सरकारात कृषिमंत्री. म्हणजे ज्या मंत्रिमंडळाने क्रिकेटच्या फीडवर निर्णय घ्यायचा त्याच मंत्रिमंडळात बोर्डाचे अध्यक्ष बसलेले. हितसंबंधांचा संघर्ष वगैरे शब्द तेव्हा क्रीडा क्षेत्रात कोणी फार मनावर घ्यायचं नाही. तरीही वटहुकूम निघाला, हे विशेष. यावर लोक दोन्ही तऱ्हेने बोलतात, की बघा पवारांनी अडवलं नाही, किंवा बोर्डाचे पैसे तर निंबसकडून ठरलेलेच होते मग बोर्डाचं काय जात होतं. मला दुसरं जास्त पटतं. निदान त्या करारापुरतं तरी नुकसान राइट्स घेणाऱ्याचं, बोर्डाचं नाही.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, श्रीलंकेची मालिका सुरू व्हायच्या आधी, वटहुकूम आला आणि तो ११ नोव्हेंबर २००५ पासून लागू धरला, पूर्वलक्षी प्रभावाने. म्हणजे ज्या गाइडलाइनला निंबस "हा कायदा नाही" म्हणत होतं तिच्याच तारखेपासून कायदा करून टाकला. फेब्रुवारी २००६ ला केलेला करार आपोआप त्याच्या पोटात आला. मॅच चालू असताना नियम बदलला आणि वर सांगितलं की टॉसपासूनच हा नियम होता असं समजा. प्रेक्षक म्हणून मला त्यात आनंद आहे, पण कोणी पैसे गुंतवणारा माणूस असेल तर त्याच्या पोटात गोळा येईल हे पण मान्य करायला हवं. लगेच १४ फेब्रुवारीला गोव्यात मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर श्रीलंकेविरुद्ध वनडे होती, आता फीड द्यायचं की नाही हा प्रश्न उरला नव्हता. मार्चमध्ये संसदेने त्याचा कायदा केला.

कायद्याचा गाभा छोटा आहे. राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर झालेली स्पर्धा लाइव्ह दाखवायची असेल तर त्याच वेळी, जाहिराती काढून, फीड प्रसार भारतीला द्यायचं, प्रसार भारतीने ते आपल्या टेरेस्ट्रियल (अँटेनावर दिसणाऱ्या) नेटवर्कवर आणि आपल्या डीटीएचवर दाखवायचं. जाहिरातीच्या उत्पन्नातले ७५ टक्के राइट्सवाल्याला आणि २५ प्रसार भारतीला, रेडिओला निम्मे-निम्मे. नाही दिलं तर एक कोटीपर्यंत दंड. म्हणजे फुकट घेतलं असं म्हणता येत नाही, पण विकायचं की नाही हे ठरवायचा अधिकार काढून घेतला.

यानंतर जे झालं ते कोणाच्याच लक्षात आधी आलं नव्हतं की आलं होतं आणि सगळे गप्प बसले, देव जाणे. केबलच्या १९९५ च्या कायद्यात कलम ८ आहे, त्यानुसार दूरदर्शनचे ठरावीक चॅनल प्रत्येक केबलवाल्याने दाखवलेच पाहिजेत. मग झालं असं की स्पोर्ट्स चॅनलने फीड दूरदर्शनला दिलं, दूरदर्शनने डीडी नॅशनलवर टाकलं, आणि डीडी नॅशनल सक्तीने प्रत्येक केबल आणि डीटीएच घरात. म्हणजे अँटेनावाल्या माणसासाठी काढलेली वाट होती आणि त्यावरून अख्खं शहर जायला लागलं. ज्याने पे चॅनलचे पैसे भरले नाहीत त्यालाही तीच मॅच, फक्त ग्राफिक्स थोडे वेगळे आणि मधे दूरदर्शनच्या जाहिराती. केबलवाल्यांची तर चांदी, "स्पोर्ट्स चॅनल कशाला पाहिजे, डीडीवर आहे की!" बोर्ड आणि ईएसपीएन-स्टार कोर्टात गेले, फेब्रुवारी २०१५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, वर्ल्ड कप तोंडावर होता म्हणून सुप्रीम कोर्टाने तो तात्पुरता थांबवला, आणि शेवटी २२ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की हे फीड फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवर, केबल आणि खाजगी डीटीएचवर नाही.

मला हा निकाल कायद्याच्या शब्दांप्रमाणे बरोबर वाटतो आणि तरीही त्याचा जमिनीवरचा परिणाम बघितला की हसू येतं. महिन्याला तीन-चारशे रुपये भरणाऱ्या घरात डीडीचा चॅनल येतो पण मॅचच्या वेळी त्यावर दुसरंच काहीतरी चालू असतं किंवा पाटी झळकते, आणि ज्याने एकदा पैसे टाकून फ्री डिशची छत्री बसवली तो निवांत मॅच बघतो. गावाकडे चुलत्याच्या घरी मॅच दिसते आणि पुण्यात फ्लॅटमध्ये दिसत नाही, यावर कितीतरी घरांत फोनवर चेष्टा झालेली असेल.

निंबसचं पुढे काय झालं? २००९ मध्ये त्यांनीच पुन्हा पुढच्या चार वर्षांचे राइट्स घेतले, पण डिसेंबर २०११ मध्ये पैसे थकवल्याच्या कारणावरून बोर्डाने करार तोडला. एप्रिल २०१२ मध्ये स्टारने ३८५१ कोटींना राइट्स उचलले. निओ बुडालं त्याला फीडचा कायदा कारणीभूत असं सरळ म्हणता येणार नाही, अर्धवट रस्त्यावर एवढं महाग सामान घेऊन निघालं की कुठेतरी चाक रुतणारच होतं. पण एक मात्र दिसतं, कायदा झाला म्हणून क्रिकेटच्या बोली खाली आल्या नाहीत. २०१८ मध्ये तेच राइट्स ६१३८ कोटींना गेले. "फीड वाटायला लावलं तर खेळ मरेल" म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत.

तुलनेला इंग्लंड बघा. तिथे पण फुकट दाखवायच्या स्पर्धांची यादी असते, पण घरच्या टेस्ट मॅचेस त्यातल्या सक्तीच्या गटातून १९९८ मध्येच बाहेर काढल्या, आणि २००५ ची ती भन्नाट ॲशेस चॅनल फोरवर फुकट दिसली तीच शेवटची, २००६ पासून सगळं स्कायवर. बोर्डाला पैसे भरपूर मिळाले, आणि तिकडे आजही वाद चालतो की एक अख्खी पिढी क्रिकेट न बघता मोठी झाली. २०१९ च्या वर्ल्ड कपमध्ये फायनलला इंग्लंड पोचलं तेव्हा स्कायने ती मॅच चॅनल फोरला वाटून दिली, तीही आपणहून.

आपल्याकडे त्या मानाने भारतीय पुरुष संघाच्या वनडे आणि टी-ट्वेंटी यादीत आहेत म्हणून फ्री डिशवर दिसतात. आयपीएल यादीत नाही. तेव्हा नव्हतीच, २००८ मध्ये आली, आणि नंतरही यादीत गेली नाही कारण म्हणे ती खाजगी लीग आहे, देशाचा संघ खेळत नाही. लोक वर्षातले दोन महिने रोज संध्याकाळी जे बघतात ते राष्ट्रीय महत्त्वाचं नाही, आणि कुठलीशी मालिका जिच्यात आपले निम्मे खेळाडू विश्रांतीवर असतात ती राष्ट्रीय महत्त्वाची. यादी कोणी आणि कशाच्या आधारावर बनवायची हा प्रश्न त्या वटहुकमाच्या घाईत कोणी नीट विचारलाच नाही, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली खरी कच्ची बाजू हीच आहे, फीड द्यायला लावणं नव्हे.

२०१८ च्या अखेरीस सरकारने कायदा बदलायचा मसुदा काढला होता, की दूरदर्शनचं फीड केबल आणि खाजगी डीटीएचवरही जाऊ द्यावं. तेव्हापासून तो तसाच आहे. दरम्यान मॅचेस मोबाइलवर गेल्या, एखादं वर्ष फुकट, एखादं वर्ष पैसे भरून, मालकाच्या मर्जीप्रमाणे. कायद्यात दूरदर्शनसाठी लिहिलेत ते दोन रस्ते, टेरेस्ट्रियल आणि डीटीएच. त्यातला पहिला तर आता जवळपास बंदच झालाय, दूरदर्शनने स्वतःच गावोगावचे ॲनालॉग ट्रान्समीटर एकेक करून थांबवले, म्हणजे ज्या अँटेनासाठी हा सगळा खटाटोप केला तो बहुतेक गच्च्यांवर आता कपडे वाळत घालायच्या कामाला आहे.